बैलजोडी लावून पहा : सम-विषमवर तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की सम-विषम संख्यांवर काही अडलं असेल तर कळवा, तर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर एवढे मेसेज आले की सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हटलं तर अख्खा अंक लागेल. म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केले, नावं काढून टाकली, फक्त तालुका ठेवला. सगळ्यात जास्त पोलीस भरतीवाले, मग नवोदयला बसणाऱ्या लेकरांच्या आया, आणि थोडे एमपीएससीवाले. पत्रांची भाषा जशी आली तशीच ठेवलीय, वऱ्हाडीत विचारलेला प्रश्न मला पुस्तकी भाषेतल्या प्रश्नापेक्षा जास्त लवकर कळतो.

दारव्हा तालुक्यातून, पोलीस भरतीची तयारी करणारा : बाई, मी दोन वर्सापासून भरतीची तयारी करून राहिलो. ग्राउंड माह्यं चांगलं आहे पण गणितात मार खातो. गाइडमंधी सम-विषमचे बारा नियम देल्ले आहेत, रात्री पाठ करतो अन् सकाळी विसरतो. विषम गुणिले विषम काय, विषम अधिक विषम काय, पेपरात सारा घोळ होते. काही सोपं असन तर सांगजा.

बेटा, ते बारा नियम बाजूला ठेव, एकच गोष्ट डोळ्यापुढे आण. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात ते जोडीनं. गावातले सगळे बैल आणले आणि प्रत्येकाला जोडीदार मिळाला तर आकडा सम, आणि एक बैल एकटा उरला तर आकडा विषम. बस एवढंच आहे, बाकी सगळं यातूनच निघतं आणि पाठ करायची गरज राहत नाही.

आता बघ, तुझ्या गावचे बैल १५ आणि शेजारच्या गावचे ९, दोन्हीकडे एकेक बैल एकटा उरलाय. दोन्ही गावं एकत्र आली की ते दोन एकटे एकमेकांचे जोडीदार झाले, उरलं कोणीच नाही, २४ झाले, सम. म्हणून विषम अधिक विषम सम. एका गावात एकटा उरलेला आहे आणि दुसऱ्या गावात सगळ्या जोड्या पक्क्या आहेत तर त्या एकट्याला जोडीदार कुठून मिळणार, तो एकटाच राहतो, म्हणून सम अधिक विषम विषम. वजाबाकीला वेगळा नियम नाहीच. दोन संख्यांची बेरीज आणि त्यांचाच फरक, दोन्ही सम असतात नाहीतर दोन्ही विषम असतात, कारण बेरीज आणि फरक यांच्यातलं अंतर लहान संख्येच्या दुप्पट असतं, म्हणजे जोड्यांचंच. १५ + ९ = २४, १५ − ९ = ६, आणि दोघांमधलं अंतर १८, नवाच्या दुप्पट.

गुणाकारासाठी बैल सोड आणि कपाशीच्या वावरात ये. ७ तास (म्हणजे ओळी) आहेत, एका तासात ९ झाडं. प्रत्येक तासात झाडांच्या जोड्या लाव, प्रत्येक तासात एक झाड उरेल. तास ७ म्हणून उरलेली झाडं ७. आता त्यांच्या जोड्या लाव, तीन जोड्या लागल्या आणि एक झाड शेवटी उरलंच, म्हणून ६३ विषम. पण तास ८ असते तर? उरलेली झाडं ८, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. किंवा एका तासात १० झाडं असती तर मुळात कुठल्याच तासात काही उरलं नसतं, मग तास कितीही असोत. म्हणजे गुणाकारात एक जरी सम संख्या घुसली की सगळा गुणाकार सम, विषम राहायचा असेल तर सगळेच्या सगळे विषम पाहिजेत. घात पण तेच, ७ चा ५० वा घात म्हणजे पन्नास वेळा सातच, सगळे विषम, उत्तर विषम.

लांबलचक बेरीज आली तर सम आकड्यांकडे बघूच नकोस, फक्त विषम किती ते मोज. २३ + ४८ + १७ + ९६ + ३१ + ७५ + ८ यात विषम चार आहेत, चार एकट्यांच्या दोन जोड्या, उत्तर सम. (२९८ येतं, करून बघ.)

आणि याचा पेपरात फायदा कसा ते सांगते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. भरतीच्या लेखीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. समज आलं ३४७ × २९१ + ५६८ × १३ आणि पर्याय दिले १०८३६२, १०८३६१, १०८३५६, १०८३७४. पहिला गुणाकार विषम गुणिले विषम म्हणजे विषम, दुसऱ्यात ५६८ आहे म्हणजे सम, बेरीज विषम. चार पर्यायांत विषम एकच आहे, गोल काळा कर आणि पुढे जा. दर वेळी एवढं सोपं मिळत नाही हे खरं, पण दोन पर्याय उडाले तरी उरलेल्या दोघांत बऱ्याचदा एककाचा अंक बघून निकाल लागतो. हा विचार आधी करायची सवय लागली पाहिजे, आकडेमोड नंतर.

लोणार तालुक्यातून, एका मुलीची आई : नमस्कार मॅडम, माझी मुलगी पाचवीत आहे, नवोदयची तयारी करतेय. तिच्या क्लासमध्ये सांगितलं की शून्य हे सम पण नाही आणि विषम पण नाही. पण तिच्या मामाने सांगितलं शून्य सम आहे. दोघं पण ठामपणे सांगतात. मी दहावी शिकलेली, मी कोणाचं खरं मानू?

ताई, मामाचं खरं आहे. शून्य ही सम संख्या आहे, यात दोन मतं नाहीत.

तुम्ही लहानपणी एकी-बेकी खेळल्या असालच, मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्यानं सांगायचं एकी का बेकी. दोन-दोन चिंचोके बाजूला काढत जायचं, शेवटी एक हातात राहिला तर एकी, काहीच राहिलं नाही तर बेकी. आता मूठ उघडली आणि आत काहीच नव्हतं, तर एकटा उरलेला चिंचोका आहे का? नाही. मग बेकी, म्हणजे सम. शून्याला २ ने भागलं तर भागाकार ० आणि बाकी ०, निःशेष भाग गेला, आणि सम संख्येची व्याख्याच ती आहे. अजून एक तपासणी मुलीला करायला लावा, संख्या ओळीनं लिहा −३, −२, −१, ०, १, २, ३. एकाआड एक विषम-सम येतंय. −१ विषम, १ विषम, मधल्या जागेवर समच बसायला पाहिजे. हो, ऋण संख्यांना पण सम-विषम असतंच, −७ विषम आहे आणि −४ सम, पुढचं चिन्ह झाकून बघायचं.

क्लासमधल्या सरांचा घोळ कुठे झाला असेल तेही मला दिसतं. शून्य धन पण नाही आणि ऋण पण नाही हे वाक्य खरं आहे, आणि १ ही मूळ पण नाही आणि संयुक्त पण नाही हेही खरं आहे, ही तीन वाक्यं डोक्यात एकमेकांत मिसळतात. मोठ्या माणसांच्याही मिसळतात. मुलीला सरांशी भांडायला लावू नका, वहीत ती ओळ लिहून सरांना दाखवायला सांगा.

आणि हे फुकटचं ज्ञान नाही, मार्काचा प्रश्न आहे. "१० पेक्षा लहान सम पूर्ण संख्या किती?" असं आलं तर पूर्ण संख्यांत शून्य येतो, ०, २, ४, ६, ८, उत्तर ५. आणि त्याच जागी "सम नैसर्गिक संख्या किती?" असं आलं तर नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात, २, ४, ६, ८, उत्तर ४. पर्यायांत ४ आणि ५ दोन्ही असतातच, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं लेकरू कुठे अडखळणार ते. मुलीला सांगा, संख्या हा शब्द दिसला की त्याच्या मागचा शब्द बोटाने दाबून वाचायचा.

दर्यापूर तालुक्यातून : १७ ते ६३ मध्ये विषम संख्या किती? मी २३ काढतो, उत्तरपत्रिकेत २४ आहे.

६३ − १७ = ४६, त्याच्या निम्मे २३, इथपर्यंत बरोबर, पण २३ ही मधल्या उड्यांची संख्या आहे. कुंपणाला २३ गाळे असले तर खांब २४ लागतात, म्हणून एक मिळवायचा. मात्र प्रश्नात "१७ आणि ६३ च्या दरम्यान" असं असेल तर दोन्ही टोकं सोडायची, मग १९ ते ६१, म्हणजे २२.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातून, अभ्यासिकेत बसणारी : मॅडम, सीसॅटमध्ये (एमपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) अक्षरांची गणितं आली की मी सोडूनच देते. उदा. "क विषम असेल तर पुढीलपैकी कोणती राशी नेहमी सम असेल : क चा वर्ग + २, ३क + ४, क चा वर्ग + क, ५क." याला काही पद्धत आहे का की अंदाजानेच जायचं? निगेटिव्ह मार्किंगमुळे भीती वाटते.

अंदाज अजिबात नको, आणि हे सोडू पण नकोस, कारण यात बीजगणित काहीच नाही. क च्या जागी १ टाक, विषममधला सगळ्यात सोपा आकडा. १ + २ = ३ विषम. ३ + ४ = ७ विषम. १ + १ = २ सम. ५ विषम. उत्तर तिसरा पर्याय. वीस सेकंद लागले असतील.

आता तुझ्या मनात येईल की एकच आकडा टाकून "नेहमी" असं कसं म्हणायचं, ३ टाकलं तर बदललं तर? ही शंका बरोबर आहे आणि ज्याला ही शंका येते त्याचंच गणित पक्कं होतं, म्हणून नीट सांगते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, घात एवढंच असेल आणि गुणकही सगळे पूर्णांक असतील, तर प्रत्येक विषम संख्या १ सारखीच वागते आणि प्रत्येक सम संख्या ० सारखी. १ च्या जागी ३ घेतलं म्हणजे काय केलं, एक जोडी वाढवली, आणि जोडी वाढल्यानं एकट्या उरणाऱ्या बैलाला काही फरक पडत नाही. म्हणून विषमसाठी १ आणि समसाठी ० टाकून जे येतं ते कायमचं खरं. शून्य टाकताना मन कचरत असेल तर २ टाक.

क चा वर्ग + क ही राशी तर क सम असो की विषम, नेहमी सम येते. का? कारण ती क × (क + १) आहे, शेजारच्या दोन संख्यांचा गुणाकार, आणि शेजारी-शेजारी दोघांपैकी एक सम असणारच. हे लक्षात राहू दे, वेश बदलून सारखं येतं, कधी वर्ग वजा क म्हणून येतं, कधी "दोन क्रमवार संख्यांचा गुणाकार खालीलपैकी कोणता असू शकत नाही" म्हणून येतं आणि पर्यायात एक विषम आकडा लपलेला असतो.

पण राशीत भागाकाराची रेघ दिसली की थांब. १ टाकायची युक्ती तिथे फसते. १ पासून क पर्यंतच्या संख्यांची बेरीज घे, क × (क + १) भागिले २. क = १ ला १ येतं, २ ला ३, ३ ला ६, ४ ला १०, ५ ला १५, ६ ला २१, ७ ला २८, ८ ला ३६. बघ, विषम विषम सम सम, विषम विषम सम सम, असं चाललंय. क = १ विषम आणि उत्तर विषम, क = ३ पण विषम आणि उत्तर मात्र सम. इथे २ ने नाही, ४ ने भागून बाकी बघावी लागते, बाकी १ किंवा २ आली तर बेरीज विषम, ३ किंवा ० आली तर सम. १ ते ५० ची बेरीज? ५० ला ४ ने भागून बाकी २, म्हणून विषम, १२७५. १ ते १०० ची? बाकी ०, सम, ५०५०.

अजून एक, "नेहमी सम असेल" आणि "सम असू शकते" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात एक उलटं उदाहरण सापडलं की पर्याय गेला, दुसऱ्यात एक सुलटं उदाहरण सापडलं की पर्याय राहिला. भीतीपोटी वाचन घाईत होतं आणि हाच शब्द निसटतो, मार्क गणितामुळे जात नाहीत.

घाटंजी तालुक्यातून : भागाकाराचा नियम काय ते एका ओळीत सांगा.

एका ओळीत मावणार नाही भाऊ. १२ ÷ २ = ६ सम, १२ ÷ ४ = ३ विषम, १२ ÷ ८ = दीड, ना सम ना विषम, आणि तिन्ही ठिकाणी सम भागिले समच आहे, म्हणजे तिथे नियमच नाही. बाकीचं मात्र सांगता येतं, भाग निःशेष जात असेल तर विषम भागिले विषम विषमच, सम भागिले विषम समच, आणि विषमला समने निःशेष भाग कधी जातच नाही.

चांदूर बाजार तालुक्यातून, बारावीचा विद्यार्थी : दोन मूळ संख्यांची बेरीज ९९ आहे तर त्यांचा गुणाकार किती, असा प्रश्न होता. मी मूळ संख्यांची यादी काढत बसलो अन् टाइम गेला.

यादीची गरजच नव्हती. ९९ विषम, म्हणजे दोघांपैकी एक सम आणि एक विषम. आणि मूळ संख्यांत सम एकच आहे, २. म्हणून एक २, दुसरी ९७, गुणाकार १९४. जिथे मूळ आणि बेरीज हे दोन शब्द एकत्र दिसतील तिथे पहिल्यांदा २ ला बोलवायचं.

हाच प्रश्न थोडा वाढवून येतो : तीन मूळ संख्यांची बेरीज १०० आहे आणि त्यातली एक दुसरीपेक्षा ३६ ने मोठी आहे, तर सगळ्यात मोठी कोणती? तिन्ही विषम असत्या तर बेरीज विषम आली असती, पण १०० सम आहे, म्हणून एक २ असणारच. फरक ३६ चा असलेल्या दोघींत २ असती तर दुसरी ३८ झाली असती, ती मूळ नाही, म्हणून २ ही तिसरी. उरलेल्या दोघींची बेरीज ९८, फरक ३६, म्हणजे ६७ आणि ३१. उत्तर ६७. बघ, शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांपैकी आपण एकीचीही यादी केली नाही.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातून, किराणा दुकानदार : बाई, माह्या नातवानं मले एक कोडं घातलं. एक रुपयाचे अन् पाच रुपयाचे मिळून बरोबर १० शिक्के घ्या अन् २५ रुपये करून दाखवा म्हणे. गल्ला उपडा करून अर्धा घंटा बसलो, जमलं नाही. चाळीस वर्सं सुट्टे पैसे मोजून राहिलो मी. हे होते का नाही?

दादा, होत नाही, आणि तुम्ही रात्रभर बसले असते तरी झालं नसतं. १ विषम, ५ पण विषम. कुठलेही दहा शिक्के उचला, दहा विषम आकड्यांची बेरीज, दहा एकट्यांच्या पाच जोड्या, रक्कम समच येणार. २५ विषम. गल्ल्यात हात घालायच्या आधीच निकाल लागलेला आहे. मला सम-विषममधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, हजार प्रकारे करून पाहायची मेहनत एका विचारात वाचते आणि "जमलं नाही" च्या जागी "जमणं शक्य नाही" असं छातीठोक सांगता येतं.

पण नातवाला आता उलटं कोडं तुम्ही घाला. ९ शिक्क्यांत २५ होतात का? होतात, पाचाचे ४ आणि एकाचे ५. मग ११ शिक्क्यांत? नातू म्हणेल ११ विषम, २५ विषम, होईल. बसू द्या त्याला. एकाचा एक शिक्का काढून पाचाचा ठेवला की रक्कम ४ ने वाढते, अकरा एकाएकाचे म्हणजे ११ रुपये, तिथून चार-चारनं ११, १५, १९, २३, २७, मधे २५ येतच नाही. १३ शिक्क्यांत पुन्हा जमतं, पाचाचे ३, एकाचे १०. म्हणजे सम-विषम जुळलं नाही तर नक्की नाही म्हणता येतं, पण जुळलं म्हणून नक्की हो असं म्हणता येत नाही. भरतीवाली पोरं पण इथे चुकतात, तीन पर्याय उडाले की चौथा बरोबर, पण दोनच उडाले तर उरलेल्या दोघांत काम करावंच लागतं.

दिग्रस तालुक्यातून : मॅडम, सराव पेपरमध्ये होतं, "३ × क्ष सम आहे, तर क्ष सम आहे का?" मी हो लिहिलं. तीन विषम आहे म्हणजे क्ष सम असलाच पाहिजे ना? उत्तर दिलंय "सांगता येत नाही". उत्तरच चुकलंय ना?

उत्तर चुकलेलं नाही, आणि तुझा विचारही अर्धा बरोबर आहे. क्ष पूर्णांक असता तर तू म्हणतोस तेच उत्तर. पण प्रश्नात क्ष पूर्णांक आहे असं कुठे लिहिलंय? क्ष = २/३ घे, ३ × २/३ = २, सम झालं, आणि क्ष मात्र अपूर्णांक. सम आणि विषम हे शब्द फक्त पूर्णांकांसाठी आहेत. २/३ सम नाही, विषम पण नाही. २.४ च्या शेवटी ४ दिसतो म्हणून तो सम होत नाही. तसंच "क्ष चा वर्ग सम आहे" एवढंच दिलं असेल तर क्ष वर्गमूळात २ सुद्धा असू शकतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मी सायंकाळी गावातल्या समाज मंदिरात भरतीच्या पोरांना शिकवते, तिथे एकदा मी असाच पेपर काढला आणि उत्तर सूचीत "हो" लिहून ठेवलं. एक सोडून सगळ्यांनी हो लिहिलं, त्यांना मार्क दिले. तांड्यावरून सायकलनं येणारी एक मुलगी, जी वर्गात तोंड उघडत नव्हती, तिनं "सांगता येत नाही" लिहिलं होतं आणि मी तिचा मार्क कापला. पेपर वाटून झाल्यावर सगळे गेले तरी ती थांबली आणि वहीवर २/३ लिहून माझ्यापुढे ठेवलं, बोलली काहीच नाही. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली आणि फळा तिच्या ताब्यात दिला. तेव्हापासून माझ्या वर्गात एक रीत आहे, प्रश्न वाचून झाला की पेन उचलायच्या आधी "पूर्णांक म्हटलंय का?" असं मोठ्यानं विचारायचं. परीक्षेत मनात विचारायचं. पोलीस भरतीत आणि नवोदयला हे दिलेलं असतं किंवा गृहीत असतं, पण सीसॅटला, विशेषतः "कोणतं विधान पुरेसं आहे" या प्रकारात, सगळा प्रश्न याच एका शब्दावर टांगलेला असतो.

हिंगणघाट तालुक्यातून, ट्रक चालवणारे : माझा मुलगा हे सम-विषम घोकत राहतो. शाळा सोडल्यावर याचा उपयोग काय, जरा समजावा.

भाऊ, तुम्ही तर रोज सम नंबरवरून गाडी चालवता. आपल्या राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवीन नंबर दिले, तेव्हा ठरलं की उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा करत खाली जाणारा जुना ७ नंबर आता ४४ आहे. आणि अकोला, अमरावती, नागपूर असा आडवा जाणारा जुना ६ नंबर आता ५३. अनोळखी भागात पाटी दिसली की नंबरवरून कळतं रस्ता उभा आहे का आडवा. मात्र यवतमाळ-वर्ध्यावरून जाणारा ३६१ सारखे तीन आकडी नंबर शाखांचे असतात, त्यांना हे लावू नका. रेल्वेतही बघा, मुंबईहून गोंदियाला येणारी विदर्भ एक्सप्रेस १२१०५ आणि गोंदियाहून परत जाणारी १२१०६. मुलाला गाडीत शेजारी बसवून एकदा दाखवा, घोकण्यापेक्षा लवकर बसेल.

चामोर्शी तालुक्यातून, सातवीतली : बाई, "चार क्रमवार विषम संख्यांची बेरीज खालीलपैकी कोणती : ८४, ९०, ९६, १०२" हे आमच्या सरांनी दिलं होतं, मला आलं. बेरीज ८ च्या पाढ्यात पाहिजे म्हणून ९६. २१, २३, २५, २७. बरोबर ना? अजून एक अवघड द्या.

एकदम बरोबर, आणि ८ चा पाढा तू स्वतः शोधला असशील तर तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. का येतो ते इतरांसाठी लिहिते : चौघींच्या मधोमध जी संख्या बसते (इथे २४) ती दोन लागोपाठच्या विषम संख्यांच्या मधली म्हणून सम, आणि बेरीज तिच्या चौपट, सम गुणिले चार म्हणजे आठाच्या पाढ्यात.

आता तुझ्यासाठी. १ ते १० हे आकडे एका ओळीत लिही, प्रत्येकाच्या आधी तुला वाटेल ते चिन्ह टाक, अधिक किंवा वजा, एकही आकडा सोडायचा नाही, आणि उत्तर बरोबर ० आणून दाखव. आलं तर ती ओळ पाठव. नाही आलं तर का नाही येत ते दोन वाक्यांत लिहून पाठव, याच पानावर वर लिहिलेलं तुला उपयोगी पडेल. आणि मग हेच १ ते ११ साठी करून बघ.